मनगटावरील घड्याळ आणि मनातील हेतू



एखादी वस्तू हलाल आहे की हराम, एवढे विचारून आपण बहुधा थांबतो. उत्तर ‘हलाल’ असे आले की मन निश्चिंत होते. परंतु त्या उत्तराच्या पुढेही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो वस्तूविषयी नसून आपल्याविषयी असतो. ही वस्तू मी खरोखर कशासाठी घेत आहे? हा प्रश्न नीट समजावा म्हणून या लेखात एक टोकाचे उदाहरण घेतले आहे. ते आहे एका अतिशय महाग, पण वापरलेल्या घड्याळाचे.

जिनिव्हा येथील पाटेक फिलिप ही घड्याळ बनवणारी कंपनी 1839 पासून ओळखली जाते. तिने 2019 मध्ये गजर आणि प्रवासवेळ या दोन्ही सोयी असलेले एक मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यात सेल नाही, विजेचा अंश नाही. सर्व काम चाके, स्प्रिंगा आणि तरफा करतात. त्याच्या यंत्रात 574 भाग आहेत. ठरवलेली वेळ झाली की एक लहानशी हातोडी पोलादी तारेवर आघात करू लागते आणि सुमारे 40 सेकंद मंजुळ नाद उमटत राहतो. तबकडीवर तासाचे दोन काटे आहेत. एक घरची वेळ दाखवतो, दुसरा जिथे आपण पोहोचलो तिथली. कळ दाबली की स्थानिक तास पुढे किंवा मागे सरकतो आणि गजरही स्थानिक वेळेलाच बांधलेला राहतो. नव्याने घेतल्यास अशा घड्याळाची किंमत भारतीय चलनात कोटीच्या पुढे जाते. म्हणून अनेक शौकीन ते जुन्या घड्याळांच्या बाजारात शोधतात.

आता समजा, अल्लाहने ज्याला भरपूर दिले आहे असा एक नमाजी मुसलमान हे घड्याळ घेऊ इच्छितो. त्याला शरीअत काय सांगते?

धातूचा प्रश्न

प्रथम बाह्य बाब पाहू. ह. अली (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका हातात रेशीम व दुसऱ्या हातात सोने घेऊन सांगितले की, या दोन्ही वस्तू माझ्या उम्मतीच्या पुरुषांना निषिद्ध आहेत. एका माणसाच्या बोटातील सोन्याची अंगठी प्रेषितांनी (स.) स्वतः काढून फेकून दिली, हेही सहीह मुस्लिममध्ये नोंदलेले आहे. म्हणून सोन्याच्या कवचाचे घड्याळ पुरुषाने वापरणे योग्य नाही. ‘पांढरे सोने’ म्हणून विकला जाणारा धातूही सोनेच आहे. त्यात दुसरे धातू मिसळल्याने रंग बदलतो, हुकूम बदलत नाही. 2019 च्या त्या घड्याळाचे कवच मात्र प्लॅटिनमचे होते. प्लॅटिनम हा स्वतंत्र धातू असून तो सोन्याच्या निषेधात येत नाही, असे आजच्या बहुतेक उलेमांचे मत आहे.

तरीही एक बारीक गोष्ट उरते. त्या घड्याळाच्या तबकडीवरील अंक सोन्याचे आहेत आणि आत चावी भरणारे फिरते चक्रही सोन्याचे आहे. अंगठीतील खडा घट्ट बसावा म्हणून सोन्याचा लहान खिळा वापरण्यास हनफी फिकहने हरकत घेतलेली नाही, कारण तो मूळ वस्तूच्या अधीन असतो. शाफई फिकह या बाबतीत अधिक कडक आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत आणि देशावरील बहुसंख्य हनफी. प्रत्येकाने आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना विचारून निर्णय करावा. स्त्रियांना सोने अनुज्ञेय असल्याने त्यांच्यापुढे हा प्रश्नच उद्भवत नाही.

एवढे झाले की बाह्य बाजू संपते. आतील बाजू इथून सुरू होते, कारण घेणारा माणूस आपल्या खरेदीला कारणे देऊ लागतो. आपण ती कारणे एकेक करून तपासू.

पहिले कारण : नमाजसाठी हवे

हे कारण ऐकायला सर्वांत सुंदर आहे आणि त्यामागे मोठी परंपराही आहे. नमाज ही ठरावीक वेळी अनिवार्य केलेली उपासना आहे, हे कुरआनने सूरह निसाच्या 103 व्या आयतीत स्पष्ट केले. या एका आदेशामुळे मुसलमानांनी काळ मोजण्याची विद्या मशिदीत आणली. मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ नेमले जात. नमाजच्या वेळा गणिताने ठरवणे हे त्यांचे काम. दमास्कसच्या उमवी मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल्-शातिर हे थोर खगोलशास्त्रज्ञ मुवक्कित होते. 1371 मध्ये त्यांनी त्या मशिदीच्या मिनारासाठी सूर्यतबकडी बनवली. वेळेचे यंत्र आणि अल्लाहची उपासना यांचे नाते असे जुने आहे.

परंतु इथे आपल्याला ह. बिलाल (रजि.) यांचा प्रसंग आठवला पाहिजे. खैबरहून परतताना रात्रीच्या शेवटच्या प्रहरी काफिला थांबला. प्रेषितांनी (स.) बिलाल (रजि.) यांना जागे राहून फज्रसाठी उठवण्याची जबाबदारी दिली. त्यांनी शक्य तितकी नमाज अदा केली, मग पूर्वेकडे तोंड करून आपल्या सांडणीला टेकून बसले आणि त्यांनाही झोप लागली. उन्हाचा चटका लागला तेव्हा सर्व जागे झाले आणि सर्वप्रथम स्वतः प्रेषित (स.) जागे झाले. त्यांनी बिलाल (रजि.) यांना शिक्षा केली नाही. काफिला थोडा पुढे नेऊन सर्वांसह नमाज अदा केली. अशाच एका प्रसंगी त्यांनी समजावले की झोपेत कसूर नसते. कसूर त्याची, जो जागा असूनही पुढील नमाजची वेळ येईपर्यंत नमाज टाळतो.

या शिकवणुकीच्या प्रकाशात गजराचे स्थान ठरवता येते. उठण्यासाठी उपाय करणे हे कर्तव्य आहे आणि त्या अर्थाने गजर लावणे सत्कर्मच आहे. मात्र तो उपाय साध्या मोबाइलने होतो, शंभर-दोनशे रुपयांच्या टेबलावरच्या घड्याळाने होतो, आईच्या एका हाकेनेही होतो. गजर झाल्यावर जो माणूस जागा होऊन पुन्हा पांघरूण ओढून घेतो, त्याचा रोग कोणतेही यंत्र बरे करू शकत नाही. ज्याची फज्र आज मोबाइलच्या गजराने होत नाही, त्याची ती प्लॅटिनमच्या घड्याळाने होईल, असे मानण्यास आधार काय? म्हणून कोटी रुपयांच्या खरेदीवर नमाजचे नाव लिहिताना हात थरथरला पाहिजे. उपासनेचे नाव आपल्या हौसेला झाकण्यासाठी वापरणे हा उपासनेचाच अवमान आहे.

दुसरे कारण : प्रवासासाठी हवे

कोकणातील असंख्य घरांत दोन वेळा नांदतात. रत्नागिरीत घर आणि दुबईत नोकरी, महाडमध्ये आई आणि कुवेतमध्ये मुलगा. अशा माणसाला दोन काट्यांचे घड्याळ जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या यंत्राची घडण पाहा. त्यातील स्थानिक तासकाटा पूर्ण एक-एक तासानेच सरकतो आणि मिनिटकाटा दोन्ही वेळांसाठी एकच असतो. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबई चार तास पुढे, कुवेत व सौदी अरेबिया तीन तास पुढे. म्हणजे घर आणि नोकरी यांच्यातील अंतर कुठे दीड तासाचे, तर कुठे अडीच तासांचे. तो अर्धा तास हे घड्याळ दाखवू शकत नाही. ज्या गरजेचे नाव पुढे केले, तीच गरज कोटी रुपये देऊनही अपुरी राहते.

याच यंत्रात एक सुंदर बोधही आहे, तो घेऊ या. त्याचा गजर घरच्या वेळेला नव्हे, तर माणूस उभा आहे तेथील वेळेला वाजतो. शरीअतचाही हाच नियम आहे. मुंबईहून निघालेल्या माणसाची नमाज मुंबईच्या सूर्यावर चालत नाही. तो ज्या भूमीवर उभा आहे, तेथील पहाट आणि तेथील सूर्यास्त त्याच्यासाठी प्रमाण. सवलतीही त्या भूमीशी आणि त्या प्रवासाशीच बांधलेल्या आहेत. हनफी मताप्रमाणे सुमारे 77 किलोमीटर किंवा त्याहून दूरच्या प्रवासाला निघालेला माणूस चार रकअतींच्या फर्ज नमाजच्या दोनच रकअती अदा करतो. शाफई मताप्रमाणे प्रवासात जुहर-अस्र आणि मगरिब-इशा एकत्र अदा करण्याचीही मुभा आहे. मन घरी गुंतलेले असले तरी कर्तव्य जिथे पाय आहेत तिथलेच असते. परदेशी राहणाऱ्याने हे नीट ओळखावे. पण हे ओळखण्यास विकत घ्यावे लागेल असे काहीच नाही.

तिसरे कारण : जुने आहे, म्हणून स्वस्त पडते

वापरलेली वस्तू घेणे यात कमीपणा नाही. गरजेची वस्तू जुनी घेऊन पैसा वाचवणे हे शहाणपण आहे. पण बचत गरजेच्या संदर्भात मोजायची असते. एक कोटीची वस्तू ऐंशी लाखांत मिळाली म्हणून वीस लाख वाचले, असे म्हणणारा माणूस ऐंशी लाखांचा हिशेब विसरतो. अल्लाहने सूरह अल्-फुरकानच्या 67 व्या आयतीत आपल्या दासांचे लक्षण सांगितले आहे की ते खर्च करताना उधळत नाहीत आणि हातही आखडत नाहीत, मधला मार्ग धरतात. मूळ किमतीत मिळालेली सूट हे त्या मधल्या मार्गाचे माप नव्हे.

उलट जुन्या वस्तूच्या व्यवहारात जबाबदारी वाढते. यांत्रिक घड्याळाचे पोट बंद असते. आतले चाक मूळचे आहे की बदललेले, तबकडी पुन्हा रंगवली आहे का, कवच घासून त्याच्या कडा झिजवल्या आहेत का, पाणी आत शिरले होते का, हे गिऱ्हाइकाला वरून कळत नाही. विकणाऱ्याला किंवा त्याच्या घड्याळजीला मात्र कळते. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर प्रेषितांना (स.) आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की, लोकांना दिसावे म्हणून ते भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असा इशारा दिला. घड्याळाचे बंद कवच ही आजची धान्याची रासच आहे. ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या कथनातही आले आहे की, खरेदीदार व विक्रेता खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपवले तर ती पुसली जाते. दडवलेला दोष नंतर उघडकीस आल्यास वस्तू परत करण्याचा हक्क फिकहने ग्राहकाला दिला आहे, त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात.

ग्राहकाचीही जबाबदारी आहे. अशी घड्याळे चोरीला जातात आणि हात बदलत बदलत बाजारात येतात. चोरीची आहे हे माहीत असताना वस्तू घेणे हराम आहे. भाव संशयास्पद कमी असेल आणि विकणारा मूळ मालकीबद्दल मौन पाळत असेल, तर माघार घेणे हेच ईशभयाचे (तकवाचे) लक्षण होय.

चौथे कारण : ही तर गुंतवणूक आहे

आजकाल हे कारण सर्वाधिक ऐकू येते. काही दुर्मिळ घड्याळे जुन्या बाजारात मूळ किमतीहून जास्त भावाने विकली जातात हे खरे, तशीच अनेक घड्याळे कमी भावानेही विकली जातात. पण नफा-तोट्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की, या कारणाबरोबर एक कर्तव्य येते.

स्वतःच्या वापरातील वस्तू, म्हणजे घर, वाहन, कपडे, सोन्या-चांदीचे नसलेले घड्याळ, यांवर जकात नाही. परंतु जी वस्तू विकून नफा मिळवण्याच्या निश्चित हेतूने खरेदी केली, ती व्यापारी माल ठरते. निसाब पूर्ण असल्यास दर चांद्रवर्षी तिच्या बाजारभावाचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून द्यावा लागतो. ऐंशी लाखांच्या मालावर दरवर्षी दोन लाख. आता माणसाच्या मनाची चाल पाहा. पत्नीने किंवा वडिलांनी एवढा खर्च कशाला म्हणून विचारले, की तो म्हणतो, ही गुंतवणूक आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना मात्र तोच म्हणतो, हे तर माझ्या वापरातले घड्याळ आहे. एकाच वस्तूला घरात एक नाव आणि अल्लाहच्या दरबारात दुसरे! घरचे लोक कदाचित फसतील. ज्याला हृदयातील गुपिते ज्ञात आहेत, त्याच्यापुढे ही दोन नावे कशी टिकणार?

खरे कारण

नमाज, प्रवास, बचत आणि गुंतवणूक ही चारही नावे बाजूला ठेवली की बहुधा एकच वाक्य उरते, “मला ते आवडते.” वाचकहो, आश्चर्य वाटेल, परंतु या पाच कारणांत शरीअतच्या दृष्टीने सर्वांत निर्मळ कारण हेच आहे.

ज्याच्या हृदयात कणभर अहंकार आहे तो स्वर्गात जाणार नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले तेव्हा एकाने शंका विचारली की, माणसाला आपले कपडे चांगले असावेत, पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, त्याचे काय? उत्तर मिळाले की अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे. सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे अहंकार. सूरह अल्-आराफच्या 32 व्या आयतीतही अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा कोणी निषिद्ध ठरवली, असा सवाल आहे. 574 भाग एकमेकांत बसवून त्यातून नाद काढणाऱ्या कारागिराच्या कौशल्याचे कौतुक वाटणे यात पाप नाही. आवड मान्य करणारा माणूस निदान स्वतःशी खोटे बोलत नाही, आणि जो स्वतःशी खोटे बोलत नाही त्याला पुढचा हिशेब मांडता येतो.

तो हिशेब हक्कांचा आहे. आवड ही हक्कांच्या रांगेत सर्वांत शेवटी उभी राहते. तिच्या पुढे कोण कोण उभे आहे ते मोजा. तुमच्यावर कोणाचे कर्ज आहे का? पत्नीचा महर अजून बाकी आहे का? वडिलांच्या मिळकतीतील बहिणींचा वाटा, जो कुरआनने ठरवून दिला आहे, तो त्यांच्या हाती पोहोचला का, की “बहिणीने माफ केले” असे तुम्हीच परस्पर ठरवून टाकले? मागील वर्षांची जकात थकली आहे का? हज फर्ज झाली असूनही ती पुढे ढकलली जात आहे का? कामगारांची मजुरी वेळेवर जाते का? आई-वडिलांचा औषधोपचार, मुलांचे शिक्षण, गरजू नातेवाईक यांचे काय? आणि ही रक्कम व्याजाच्या हप्त्यांवर उभी केली जात आहे का? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर अडखळत येत असेल, तर ते घड्याळ तुमच्या पैशाने घेतलेले नसेल. त्यात बहिणीचा वाटा किंवा गरिबाचा हक्क मिसळलेला असेल.

सर्व हक्क अदा झाले आणि तरीही पैसा उरला, तर दोन गोष्टी तपासाव्या. एक, ते बांधून सफमध्ये उभे राहताना शेजारच्या माणसाचे साधे घड्याळ आपल्या नजरेत हलके होते का? होत असेल, तर प्रेषितांनी (स.) सांगितलेला अहंकार तो हाच. दोन, ही शेवटची हौस आहे, की पुढच्या हौसेची सुरुवात? सूरह अत्-तकासुरने अधिकाधिक मिळवण्याच्या चढाओढीबद्दल इशारा दिला आहे. ती चढाओढ कबरीपर्यंत थांबत नाही आणि त्यानंतर प्रत्येक देणगीबद्दल जाब विचारला जातो. या दोन्ही कसोट्या पार करणाऱ्या माणसाला फतव्याने अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र तेवढ्याच रकमेत किती घरांतील मुले शिकू शकतील, हा विचार त्याने एकदा तरी मनात येऊ द्यावा. तो विचार त्याचे मन कोणत्या दिशेला वळवतो, ते त्याच्या आणि अल्लाहमधील गोष्ट आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात कोटीचे घड्याळ येणार नाही, हे खरे. परंतु हीच चार कारणे आपण लहान वस्तूंना रोज लावत असतो. महागडा मोबाइल “मुलांच्या अभ्यासासाठी”, मोठी गाडी “आई-वडिलांच्या सोयीसाठी”, लग्नातील डामडौल “नातेवाइकांच्या समाधानासाठी”. यांतील काही कारणे खरीही असतात. ती खरी आहेत की नाहीत, हे ओळखण्याचा सोपा मार्ग असा : ते कारण काढून टाका आणि पाहा, तरीही ती वस्तू हवीशी वाटते का? वाटत असेल, तर कारण वेगळेच आहे. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि मगच हक्कांची रांग मोजायला बसा.

कयामतच्या दिवशी माणसाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आयुष्य कशात घालवले हा एक आहे, आणि संपत्ती कोठून मिळवली व कशात खर्च केली हाही आहे. किमतीची पावती यांतील एकाच प्रश्नाच्या अर्ध्या भागाचे उत्तर देते. उरलेली सर्व उत्तरे आपल्याला स्वतःच, खरी आणि आजच तयार करायची आहेत.

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल कमाईची, हक्क अदा करण्याची आणि आपल्या हेतूला खरे नाव देण्याची सद्बुद्धी व हिंमत देवो. आमीन.